डोनलचं उत्तर

माझ्या नवऱ्याचा असा समज आहे, की मी त्याच्यापासून काही लपवत नाही. धाकट्या बहिणीचाही तोच समज. आणि तो बराचसा खरा आहे — दोन हजार एकवीसच्या जुलैमधले तीन दिवस आणि त्याच वर्षाच्या शेवटी फोनवर काढलेली दहा मिनिटं, एवढं वजा केलं तर. त्याबद्दल मी कुणाजवळ तोंड उघडलेलं नाही. आता उघडते आहे तेही चोरासारखं. नवरा तेव्हासारखाच आताही कामासाठी कॉर्कला असतो, शुक्रवारी येतो. आज बुधवार आहे, घरात कुणी नाही, तरी बाहेर गाडीचं दार वाजलं की मी लिहिता कागद वर्तमानपत्राखाली सारते.

मी डॉक्टर आहे. भूल देणारी. डब्लिनच्या वायव्येला लेटरकेनी नावाचं गाव आहे, तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात सात वर्षं काढली. वीस साली लोक दारं-खिडक्या लावून बसले होते, तेव्हा मी गुदमरलेल्या माणसांच्या घशात नळ्या घालत होते — त्यांचं तोंड माझ्या तोंडापासून वीतभर. भीती वाटली नाही असं नाही, पण त्या भीतीने मला कधी खोटं बोलायला लावलं नाही. लोक आम्हाला शूर म्हणत. शेजारच्या म्हातारीने कितीदा दारात ताजा सोडा ब्रेड ठेवला. मग मी शूर होते की नव्हते? नव्हते. माझं स्वतःचं काही जाईल असा प्रश्न तोवर मला कुणी विचारलाच नव्हता, एवढंच.

तो प्रश्न एका माशावरून विचारला गेला. हसू येतं ना? मलाही येतं कधीकधी. पण ते फार वेळ टिकत नाही.

अण्णा — माझे वडील — वीस सालच्या फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी आले आणि विमानं बंद झाल्यामुळे अडकून पडले. वेंगुर्ल्याजवळच्या एका खाडीकाठच्या गावात त्यांनी आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलं, आणि शाळा सुटली की गरी घेऊन खाडीवर. आई गेल्यानंतर तर तेवढंच उरलं होतं. इथे खाडी नाही, गरी नाही, बोलायला माणूस नाही. मी दिवसभर हॉस्पिटलात. सुपरमार्केटातला मासा, कातडी सोललेला, काटा काढलेला, प्लॅस्टिकच्या ताटलीत बसवलेला, त्यांच्यापुढे ठेवला की ते नुसते बघत राहायचे. 'ह्येचां डोक्यां खंय?' एवढं एकदा म्हणाले. पुढे पुढे तेही म्हणेनात. जेवण निम्म्यावर आलं.

अशात हॉस्पिटलच्या नोटीस बोर्डावर एक कागद लागला. डोंगरांच्या आत, एका तळ्याकाठी, मासेमारीचं एक लॉज होतं. एरवी तिथे अमेरिकन यायचे, आठवडा आठवडा राहून, सोबत वाटाड्या घेऊन सॅमन पकडायला. त्या उन्हाळ्यात अमेरिकनांना येता येत नव्हतं, म्हणून मालकिणीने हॉस्पिटलच्या लोकांना तीन-तीन दिवस मोफत राहायला बोलावलं होतं. आदल्या हिवाळ्यात डोंगराची ओली माती घसरून रस्ता गेला होता, म्हणून न्यायला-आणायला हेलिकॉप्टर. तेही मोफत. फुकट ते पौष्टिक — मी नाव दिलं.

अण्णांना म्हटलं, मासे पकडायला जायचंय. त्यांनी त्या संध्याकाळीच मालवणी मसाल्याची बरणी, कोकमं आणि तिरफळं एका पिशवीत बांधून ठेवली. मासे पकडायला निघालेला माणूस मसाला नेणार नाही तर काय नेणार? शिवाय श्रावण पंधरा दिवसांवर आला होता, आणि श्रावणात अण्णा मासळीला शिवत नाहीत. 'त्येच्याआधी एकदा तरी,' म्हणाले.

हेलिकॉप्टरमध्ये अण्णा खिडकीला नाक लावून बसले आणि मी डोळे मिटून. उतरलो. ते यंत्र परत उडून गेलं आणि मागे जी शांतता राहिली ती मला पहिल्या क्षणापासून आवडली नाही. चारी बाजूंनी तपकिरी डोंगर, मधे काळंभोर तळं, एक दगडी घर, दोन लहान कॉटेजेस. फोनला रेंज नाही. इथून आपल्या पायांनी परत जाता येणार नाही — हे माझ्या मनात आलं ते तेव्हाच, काहीही घडलेलं नसताना. माणसाला आधी भीती वाटते आणि मग तो तिच्यासाठी कारण तयार करतो, असं असेल का?

आमचा वाटाड्या डोनल. साठीच्या आसपासचा, उन्हावाऱ्याने रापलेला, तीस वर्षं त्याच तळ्यावर. होड्या, गळ, पाहुणे, सगळं त्याच्याकडे. त्याला जगातली प्रत्येक गोष्ट 'ग्रँड' — म्हणजे इथल्या बोलीत ठीक, चालेल — होती. पाऊस आला, ग्रँड. अण्णांनी गळ झुडपात अडकवला, ग्रँड. मला तो 'डॉक्टर' म्हणायचा आणि अशा आदराने म्हणायचा, की मला संकोच वाटे. आदल्या वर्षी लॉज बंद होतं, त्यामुळे तो वर्षभर घरी बसून होता. यंदा पुन्हा काम सुरू झालं, हे त्याने पहिल्या तासाभरात दोनदा सांगितलं.

इथे मला सावकाश लिहायला हवं. कारण पुढे मी खोटं बोलले ते नेमकं याच गोष्टीबद्दल.

पहिल्या संध्याकाळी होड्यांच्या शेडमध्ये डोनलने आम्हा दोघांना समोर उभं केलं आणि सांगितलं: यंदा या पाण्यातला प्रत्येक सॅमन परत सोडायचा. एकही ठेवायचा नाही. मासे फार कमी उरलेत, सरकारचा नियम आहे, मोडला तर खटला होतो. त्याने गळ दाखवला. मागचा उलटा काटा घासून टाकलेला होता, मासा सहज सुटावा म्हणून. अण्णांसाठी हातांनी करून दाखवलं: असा धरा, पाण्यातच ठेवा, सोडा. 'ऑल बॅक,' तो म्हणाला. 'एव्हरी वन.' मग पुन्हा एकदा. एरवी हे सगळं छापील कागदावर असायचं आणि पाहुणे त्यावर सही करायचे. पण त्या वर्षी एका पेनाला दहा हात लागायला नकोत, म्हणून मालकिणीने सगळे कागद बंद केले होते. जे काय सांगायचं ते डोनलने तोंडी. म्हणजे त्याने सांगितलं याला साक्षीदार कोण? मी. आणि अण्णा.

अण्णांना त्याचं इंग्रजी कळायचं नाही. हात कळले. माझ्याकडे वळून म्हणाले, 'पकडूचो आणि सोडूचो? मग पकडूचो कित्याक?' मला तरी कुठे पटलं होतं? आमच्या गावात हाती आलेला रावस कुणी पाण्यात परत सोडला असता, तर त्याला दृष्ट लागली म्हणून घरच्यांनी मीठमोहऱ्या ओवाळल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांच्या गळाला सॅमन लागला. गळाची काठी वाकली, होडी डुलायला लागली, डोनल वल्ही टाकून उभा राहिला आणि दोघं एकमेकांना न कळणाऱ्या भाषांत ओरडू लागले. मासा हातभर लांब, चकचकीत. 'रावस गो! ह्यो तर रावस!' अण्णांचा तो आवाज मी सतरा महिन्यांत ऐकला नव्हता. मग डोनलने त्यांच्या हातांखाली आपले हात धरले, मासा पाण्यातच जरा वेळ ठेवला आणि दोघांनी मिळून सोडला. नंतर होडीत बसून अण्णांनी आपले दोन्ही तळवे नाकाशी नेले आणि हुंगले. बराच वेळ. मला ते बघवलं नाही.

बघवलं नाही म्हणून पुढचं केलं, असं मी स्वतःला कितीतरी दिवस सांगत होते. छान वाटतं सांगायला. पण खरं तसं नाही. खरं असं, की मला कुणी 'नाही' म्हटलेलं खपत नाही, लहानपणापासून नाही. अण्णांच्या तळव्यांचं मला निमित्त मिळालं.

दुपारी हेलिकॉप्टर सामान घेऊन आलं आणि डोनल गॅसच्या टाक्या वाहायला त्या दगडी घराकडे गेला. अण्णा कॉटेजमध्ये झोपले होते. नदी तळ्यात शिरते तिथे मी एकटी गळ टाकत उभी राहिले, काही लागेल अशी आशा न ठेवता. आणि लागला.

त्याला काठाशी आणलं. मी दोनदा मागे वळून पाहिलं. हे नीट ऐका — दोनदा. ज्याला नियम ठाऊक नसतो तो मागे वळून बघत नाही. कुणी नव्हतं. मग मी दगड उचलला.

मासा रेनकोटात गुंडाळून कॉटेजच्या मागे आणला. तिथे पाण्याला लागून एक सपाट खडक होता. त्यावर बसून लहानपणापासून करत आले तसा साफ केला. खवले काढले, कल्ले उपसले, पोट चिरलं. मादी होती, आत गाबोळी, अंड्यांची पिशवी. ती अण्णांसाठी वेगळी ठेवली. आतडी आणि कल्ले पाण्यात भिरकावले, खडकावर चार ओंजळी पाणी मारलं, झालं. आमच्याकडे असंच करतात. थोड्या वेळाने ओहोटी लागते आणि खाडी सगळं घेऊन जाते. तळ्याला ओहोटी नसते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. एवढ्या परीक्षा पास झालेली बाई मी.

अण्णांना उठवलं आणि सांगितलं, डोनलने खास तुमच्यासाठी एक ठेवू दिला. अण्णांनी घराच्या दिशेने हात जोडले. मग कोकमं भिजत घातली, तिरफळं ठेचली, स्वतः चुलीपाशी उभे राहिले — म्हणजे त्या विजेच्या शेगडीपाशी. गाबोळी तव्यावर भाजली. डोक्याचा तुकडा त्यांनी डोळे मिटून, बोटांनी चाचपत चाचपत खाल्ला. भात दोनदा घेतला. मी समोर बसून बघत होते, खूश होते, आणि माझे कान दाराकडे लागले होते. सगळ्या खिडक्या मी लावून घेतल्या होत्या. उरलेला अर्धा मासा फॉइलमध्ये गुंडाळून फ्रिजमध्ये दुधाच्या मागे सरकवला.

संध्याकाळी डोनल दारावरून जाता जाता थांबला. वास छान येतोय, डॉक्टर, म्हणाला. मी दार अर्धंच उघडलं आणि म्हणाले, 'चिकन.'

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला हेलिकॉप्टर आम्हाला न्यायला येणार होतं. नऊच्या सुमारास डोंगरावरून चार जाड चाकांच्या दोन क्वाड बाईक उतरल्या. मत्स्यखात्याचे दोघे, एक उंच बाई आणि एक पुरुष. कुणी चुगली केली नव्हती. ते तपासणीला अधूनमधून येतच. त्यांनी होड्या बघितल्या, गळ बघितले, डोनलशी हसून बोलले. आता जातील, आता जातील, असं मी खिडकीच्या पडद्याआडून म्हणत होते. बाई काठाकाठाने चालत आमच्या मागे आली आणि त्या खडकाशी थांबली. वाकली. बोटाने काहीतरी टिपून उजेडात धरलं. खवला. मग तिने पाण्यात बघितलं. ढोपरभर पाणी, खाली पांढरी वाळू, आणि वाळूवर लाल कल्ले, जसे टाकले तसेच.

तुम्हाला कधी असं झालंय का, की अंग गार पडतं आणि डोकं मात्र भराभर चालायला लागतं? माझं डोकं माशाचा विचार करत नव्हतं. माझा नागरिकत्वाचा अर्ज सरकारकडे पडून होता, दीड वर्षापासून. त्या अर्जात विचारलेलं असतं, तुमची वागणूक कशी, तुमच्यावर कधी खटला झाला का. डॉक्टरांच्या नोंदणीच्या फॉर्मवरही तोच प्रश्न. मला ते दोन चौकोन दिसत होते. त्यांच्यात मला 'हो' लिहावं लागणार होतं, आणि मग घर, नोकरी, या गावात काढलेली सात वर्षं — सगळं हातातून जाणार होतं. जाणार होतंच असं नाही. पण मला त्या घडीला तसं वाटलं.

बाईने दार वाजवलं आणि मास्क लावून दोन पावलं मागे उभी राहिली. तिच्या मागे डोनल, मालकीण. फ्रिज उघडावा लागला. दुधामागून फॉइल निघाली. अण्णा माझ्या खांद्यामागे उभे होते.

बाईने अगदी मऊ आवाजात विचारलं, 'डॉक्टर, इथला मासा ठेवायचा नसतो, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं का?'

मला वाटतं, तिला 'नाही'च हवं होतं. त्या वर्षी हॉस्पिटलच्या डॉक्टरवर खटला भरायची कुणाला हौस होती? ती मला सुटायला वाट देत होती. त्या वाटेवर डोनल उभा होता. आणि तो मला दिसत होता, हे लिहून ठेवते.

'नाही,' मी म्हणाले.

'मी सांगितलं होतं,' डोनल म्हणाला. 'शेडमध्ये. दोघांनाही.' आवाज चढवला नाही. त्याला वाटलं असावं, मी विसरले. आठवण दिली की मी हो म्हणेन.

सगळे माझ्याकडे बघू लागले. मास्कवरून नुसते डोळे. शब्द मागे घ्यायला वेळ होता. भरपूर होता. माणसाचा श्वास थांबल्यावर परत येईपर्यंतचे सेकंद मोजणं हे माझं काम आहे, मला वेळ कळतो.

'एखादा ठेवला तर ग्रँड, असं म्हणाले ते,' मी म्हणाले.

मालकिणीने डोळे मिटून घेतले. डोनल सगळ्यालाच ग्रँड म्हणतो, हे तिला माहीत होतं. तीस वर्षं ती ऐकत होती. मी त्याच्याच तोंडचा शब्द उचलून त्याच्या गळ्यात बांधला होता. आणि तो शब्द मी विचार करून निवडला होता. घाबरलेलं माणूस काहीही बरळतं म्हणतात, पण मी बरळले नाही. डोनलने टोपी काढली, परत घातली. बाईने लिहून घेतलं. मला तोंडी समज मिळाली, तीही जवळजवळ माफी मागितल्यासारखी. डोनलला त्यांनी आपल्याबरोबर घरात नेलं. निघताना आम्हाला सोडायला तो आला नाही. बॅगा मालकिणीने उचलल्या.

हेलिकॉप्टरमध्ये कानांवर ते जाड हेडफोन चढवण्याआधी अण्णा म्हणाले, 'बाय, त्येनी मासो दिल्लोच नाय मा?' मी म्हणाले, 'नंतर बोलू.' चार महिने ते माझ्याच घरात होते. ते नंतर काही आलं नाही.

आठवड्याभरात मालकिणीचं पत्र आलं. तिने माझी माफी मागितली होती. तुम्ही आमच्यासाठी एवढं करता आणि आमच्याकडून तुम्हाला असा त्रास व्हावा. डोनलला कमी केलं आहे, लॉजचा परवाना टिकवायचा तर दुसरा मार्ग नव्हता. पुढच्या उन्हाळ्यात वडिलांना घेऊन पुन्हा या. मी ते पत्र बाथरूमची कडी लावून वाचलं.

मग भीती घरातच राहायला आली. दाराच्या फटीतून टपाल पडल्याचा आवाज झाला की असेन तिथेच थांबायचं. तपकिरी पाकीट असेल तर ते तासभर उघडायचं नाही. मागे गार्डांची, म्हणजे पोलिसांची, गाडी दिसली की वेग कमी करायचा, जास्त नसला तरी. ऑपरेशनच्या यादीत डोनल नाव आलं — आणि तिथे दर चौथा माणूस डोनल — की आधी आडनाव आणि वय बघायचं. हॉस्पिटलात मी पूर्वीसारखीच होते. कुणाला काही कळलं नाही. हेच जास्त भीतीदायक होतं, की कुणाला काही कळत नाही.

सप्टेंबरमध्ये तो दिसलाच. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये, पिवळं जाकीट घालून, पावसात ट्रॉल्या एकात एक ढकलत होता. मी गाडीतच बसले. तोंडावर मास्क होता, तरी सीटवर खाली सरकले. तो मला शिव्या देईल अशी भीती नव्हती. तो हात वर करून 'कशा आहात, डॉक्टर?' म्हणेल, याची होती. तो आत जाईपर्यंत थांबले आणि काहीही न घेता घरी आले. अण्णांनी विचारलं, दूध? मी म्हटलं, संपलं होतं.

ऑक्टोबरमध्ये अर्ज मंजूर झाला. त्या वर्षी सोहळे बंद होते, वकिलापुढे सही करून या देशाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्यायची होती. घेतली. मग आता काय अडलं होतं? ज्या कागदासाठी खोटं बोलले तो कागद हातात होता. आता जाऊन मालकिणीला खरं सांगता आलं असतं. मी गेले नाही. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की कागदाची भीती खरी होती पण ती एकटी नव्हती. मला लोकांच्या नजरेतली ती डॉक्टर राहायचं होतं, आणि त्याची किंमत डोनलने मोजली तर माझी हरकत नव्हती.

नोव्हेंबरमध्ये अण्णांचं तिकीट झालं. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला एक पाकीट दिलं. वर फक्त 'मिस्टर डोनल'. पत्ता तू घाल म्हणाले. आत पूर्ण पानभर पत्र, शाळामास्तरी वळणदार इंग्रजीत, माझा जुना शब्दकोश बघून बघून लिहिलेलं. किती दिवस लिहीत होते कोण जाणे. लिहिलं होतं, की मासा मी मारला. माझ्या मुलीस ठाऊक नव्हते. म्हाताऱ्यास जिभेचा मोह आवरला नाही. आपण मला हातांनी नियम दाखविला होता व तो मला समजला होता. मी शिक्षक आहे. तरी हे पत्र आपल्या मालकिणीस व सरकारी बाईंस दाखवावे. खाली सही आणि गावचा पूर्ण पत्ता, पिनकोडसकट.

'पोस्टात घाल हां,' ते म्हणाले. 'आजच्या आज.' माझ्याकडे बघितलं नाही. मी हो म्हणाले.

घातलं नाही. लॉजचा पत्ता माझ्याकडे होता, टपालाचं तिकीट पर्समध्ये होतं. पण ते पत्र वाचल्यावर डोनल सुटला असता आणि कुणीतरी मला विचारलं असतं, मग एखादा ठेवला तर ग्रँड, हे कोण म्हणालं होतं? अण्णांना डब्लिनच्या विमानतळावर सोडून आले आणि दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात रुग्णांचे जुने कागद कापायचं मशीन आहे त्यात ते घातलं. दोन सेकंद लागले. मग राउंडला गेले.

अण्णा दर रविवारी फोन करायचे. दर रविवारी शेवटी एकच प्रश्न: 'उत्तर इलां?' टपाल उशिरा येतंय, कोविडमुळे, मी म्हणायचे. चार रविवार तेच म्हणाले. पाचव्या रविवारी फोन बहिणीने घेतला. ती अण्णांकडे गेली होती, वैतागली होती. म्हणाली, हे काय नवीन? अण्णा मासळी खात नाहीत. नुसता डाळभात. विचारलं तर म्हणतात, एका माणसाचं उत्तर यायचंय, ते येईपर्यंत सोडली. जुलैपासून सोडली आहे म्हणे — तुझ्या लक्षात नाही आलं?

नव्हतं आलं. श्रावण संपून गेल्यावरही ते माझ्या घरी मासा खात नव्हते आणि मी समजत होते, की सुपरमार्केटचा आवडत नाही.

तिने फोन अण्णांना दिला. आवाज बारीक झाला होता. म्हणाले, 'उत्तर इलां?'

त्या वेळी मला खरं सांगता आलं असतं. समोर कुणी अधिकारी नव्हता, मास्कवरचे डोळे नव्हते, अर्ज नव्हता. माझा बाप होता, आणि त्याला अर्धं आधीच ठाऊक होतं.

'आलंय,' मी म्हणाले. 'कालच आलं.'

'वाच.'

टेबलावर गॅसचं बिल पडलं होतं. ते हातात घेतलं, कागदाचा आवाज यावा म्हणून. आणि वाचायला लागले, थांबत थांबत, इंग्रजीतून मराठी करते आहे असं दाखवत. प्रिय सर, तुमचं पत्र पोचलं. मी ते मालकिणीला दाखवलं. मला त्यांनी परत कामावर घेतलं आहे. त्या दिवशी होडीत तुम्ही किती आनंदात होता ते मला आठवतं. माझा तुमच्यावर राग नाही. — इथे थांबता आलं असतं. थांबले नाही. तुमच्या मुलीवरही नाही, असं वाचलं. ती घाबरली होती, हे मला तेव्हाच दिसलं होतं, मी तिला माफ केलं आहे, असंही वाचलं. ज्याचं काम मी घालवलं आणि जो त्या दिवशीही कुठल्यातरी पार्किंगमध्ये ट्रॉल्या ढकलत असणार, त्याच्या तोंडी मी माझी माफी घातली, आणि घालताना मला बरं वाटत होतं.

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. अण्णा रडत होते.

'देवमाणूस गो,' ते म्हणाले. मग म्हणाले, 'बाय, परत वाच.'

मी परत वाचलं.